कांद्याचा भाव रोज छापता, पावशेर मांसाचा कधी छापणार?
मराठी दैनिकांच्या संपादकांना खुले पत्र

सन्माननीय संपादकहो,



लासलगावात कांदा क्विंटलमागे दोनशे रुपयांनी उतरला तर दुपार व्हायच्या आत तुम्हाला कळतं. सकाळचा लिलाव उरकला की किमान, कमाल आणि सरासरी असे तीन आकडे आमच्या बाजार समितीतून निघतात आणि दुसऱ्या दिवशी ते मुंबईपासून नागपूरपर्यंत छापून येतात. केंद्र सरकारनं ८ डिसेंबर २०२३ रोजी कांद्याची निर्यात बंद केली तेव्हा तुमचे प्रतिनिधी इथं ट्रॅक्टरांच्या रांगेत उभे होते. बंदी मे २०२४ मध्ये उठली, पण ४० टक्के शुल्क राहिलं. ते पुढं २० टक्क्यांवर आलं आणि १ एप्रिल २०२५ ला संपलं. यातली एकही पायरी तुम्ही सोडली नाही. शेतकऱ्याच्या घामाचा हिशोब तुम्ही देशापुढं मांडलात, त्याबद्दल या गावची रहिवासी म्हणून मी मनापासून आभारी आहे.

हे आधी लिहिलं, कारण यापुढं जे लिहिणार आहे ते तक्रारीचं आहे.

मी इथल्या शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाले. आता गावातल्या काही महिला बचत गटांचे हिशोब पाहते. गटातल्या बऱ्याच बायका व्यापाऱ्यांच्या खळ्यांवर कांदा निवडायला जातात. त्यांचे नवरे हमाली करतात, गोण्या शिवतात किंवा ट्रक भरतात. त्यात मुसलमान आहेत, बौद्ध आहेत, मातंग आहेत, भिल्ल आहेत, दोन-चार मराठा घरंही आहेत. गटाच्या बैठकीत वर्गणी आणि हप्ता झाला की बोलणं घरखर्चावर येतं. तेल, गॅस, शाळेची फी, दवाखाना यांच्या खालोखाल गेल्या काही वर्षांत एक विषय सारखा निघतो, तो म्हणजे मोठ्याच्या मटणाचा, म्हणजे म्हशीच्या मांसाचा भाव. ज्यांच्या घरी ते शिजत नाही त्या बायकाही आता या बोलण्यात सामील होतात, कारण मोठ्याचं महागलं की कोंबडीच्या दुकानासमोर रांग वाढते आणि त्यांचाही खर्च वाढतो.

या भावाबद्दल तुमच्या पानांवर मला कधी काही वाचायला मिळालं नाही. तुमचा बाजारभावाचा रकाना मी रोज वाचते. त्यात सोनं-चांदी असते, भाजीपाला असतो, फळं, कडधान्यं आणि फुलंही असतात. राष्ट्रीय अंडी समन्वय समितीचा अंड्याचा दर असतो, कधी ब्रॉयलर कोंबडीचाही असतो. म्हशीचं मांस मात्र कुठंच नसतं. हे मांस महाराष्ट्रात कायदेशीर आहे, नियमांनुसार कापलं आणि विकलं जातं, आणि बकऱ्याच्या मटणाच्या निम्म्याहून कमी भावात मिळतं. कष्टकऱ्याला परवडणारं तांबडं मांस आज तेवढं एकच उरलं आहे. बकऱ्याचं मटण किलोला सातशेच्या पुढं गेलं तेव्हाच ते आमच्या गटातल्या बहुतेक घरांतून उठलं. आता सणाला आणि पाहुण्याला तेवढं येतं.

तुमच्यापैकी काहींना वाटेल की मांस म्हणजे चैन, त्याच्या भावाचं एवढं काय. म्हणून या घरांत प्रत्यक्ष काय चालतं ते सविस्तर सांगते.

जिथं किलो यायचं तिथं अर्धा किलो आलं, मग पावशेर. पावशेरात पाच माणसांचं भागत नाही म्हणून रस्सा वाढवायचा. त्यात बटाटा घालायचा, दुधी घालायचा, खिमा असला तर निम्मी हरभऱ्याची डाळ घालायची. वाटणाला सुकं खोबरं लागतं. तेही २०२५ मध्ये असं कडाडलं की कित्येक घरांत वाटणात खोबऱ्याऐवजी शेंगदाणे आले. मग दुकानदाराला सांगायचं की हाडं जास्त टाक, चरबी टाक. वजडी, पाय, मुंडी या गोष्टी पूर्वी स्वस्त म्हणून मिळायच्या. आता त्यांनाच गिऱ्हाईक वाढल्यामुळे त्याही महागल्या. काही घरांनी मोठ्याचं सोडून ब्रॉयलर धरला, आणि त्यातही अख्खी कोंबडी न घेता पाय, मान, पेटा आणि काळीज एवढंच घेतात. दर आठवड्याचं मटण आता हप्त्याआड येतं आणि मधल्या हप्त्यात सुकट किंवा अंड्याचा रस्सा होतो. आमच्या गटातल्या एका बाईनं सांगितलं की ती आता मटणाच्या दिवशी भाकरी जास्त थापते, म्हणजे मुलं दुसऱ्यांदा फोड मागायच्या आत पोट भरतं.

फोडी कुणाच्या ताटात पडतात हाही एक हिशोब आहे. कमावत्या माणसाला आधी, मग मुलांना, मग म्हाताऱ्यांना. वाढणारीला रस्सा उरतो. भाव वाढला की सगळ्यात आधी तिच्या ताटातलं कमी होतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांमध्ये हे प्रमाण जवळजवळ ६९ टक्के होतं. मांसातलं लोह शरीर डाळी-पालेभाज्यांतल्या लोहापेक्षा सहज शोषून घेतं, हे शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकातलं ज्ञान आहे. एकट्या मांसानं रक्तक्षय जाईल असा माझा दावा नाही. पण गोण्या वाहणाऱ्या आणि दिवसभर उकिडवं बसून कांदा निवडणाऱ्या माणसांच्या आहारातून तांबडं मांस हळूहळू नाहीसं होत असेल, तर ती आरोग्याची बातमी आहे. आरोग्याच्या पुरवणीत तुम्ही मखाणा आणि चिया बियांवर लिहिता. तिथं एखादा आठवडा यासाठीही द्यावा.

आणि हो, कांद्याचा या मांसाशी थेट संबंध आहे. निर्यात बंद झाली की खळ्यावरचं काम आटतं. ज्या दिवशी ट्रक भरायचा नसतो त्या दिवशी हमालाला मजुरी नसते. डिसेंबर २०२३ नंतरच्या त्या महिन्यांत शेतकऱ्याचं किती नुकसान झालं हे तुम्ही आकड्यांसह छापलं आणि ते योग्यच होतं. त्याच महिन्यांत खळ्यावरच्या घरांनी मटणवाल्याची उधारी कशी वाढवली आणि मग मटणच कसं बंद केलं, हे मात्र तुमच्यापर्यंत पोचलं नाही. तुमचा माणूस लिलावाच्या ओट्यावरून परत गेला. खळी तिथून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत.

आता भाव का वाढला याकडे येते, कारण माझी मोठी तक्रार तिथं आहे. हे कोडं तुम्ही वाचकाला कधी उलगडून सांगितलंच नाही.

महाराष्ट्रात गाईच्या कत्तलीवर १९७६ च्या कायद्यानं बंदी होती. बैल आणि वळू मात्र शेतीला निरुपयोगी असल्याचा दाखला मिळाला तर कापता येत. १९९५ मध्ये विधिमंडळानं दुरुस्ती करून तेही बंद केलं. त्या दुरुस्तीला राष्ट्रपतींची संमती फेब्रुवारी २०१५ मध्ये मिळाली आणि मार्च २०१५ पासून ती लागू झाली. शिक्षा पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड. मे २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं बंदी कायम ठेवली, पण राज्याबाहेर कापलेलं मांस जवळ बाळगणं गुन्हा ठरवणारं कलम रद्द केलं. हे सगळं तुम्ही छापलंत. त्यापुढची गोष्ट राहून गेली. बैलाचं मांस बाजारातून गेल्यावर ते खाणारी सगळी माणसं म्हशीच्या मांसाकडे वळली. म्हशी-रेडे तेवढेच राहिले. २०१९ च्या पशुगणनेत राज्यातल्या म्हशींची संख्या २०१२ च्या तुलनेत जवळपास तेवढीच, म्हणजे ५६ लाखांच्या आसपास होती. गाय-बैलांची संख्या मात्र दहा टक्क्यांनी घटून एक कोटी चाळीस लाखांच्या जवळ आली. ज्या जनावरांच्या रक्षणासाठी कायदा कडक केला तीच कमी झाली. त्याला ट्रॅक्टर आणि दुष्काळ ही कारणंही आहेत, पण म्हातारा बैल विकता येत नसेल तर नवा कोण घेईल, हा प्रश्न आमच्या निफाड-चांदवडचा कुठलाही शेतकरी विचारतो.

दुसरं कारण निर्यातीचं. भारत म्हशीच्या मांसाचा जगातल्या मोठ्या निर्यातदारांपैकी एक आहे. २०२३-२४ मध्ये देशातून सुमारे १३ लाख टन म्हशीचं मांस बाहेर गेलं आणि त्याची किंमत ३१ हजार कोटी रुपयांच्या घरात होती. व्हिएतनाम, मलेशिया आणि इजिप्त ही मोठी गिऱ्हाइकं. निर्यातदार जनावराच्या बाजारात ज्या भावानं उतरतो त्या भावाशी गावातल्या छोट्या दुकानदाराला स्पर्धा करावी लागते. कांद्याची निर्यात खुली झाली की इथला भाव चढतो हे तुम्ही दरवर्षी समजावून सांगता. तोच नियम इथं लागू होतो, तो सांगायला मात्र कुणी पुढं येत नाही. मी निर्यातीच्या विरोधात नाही. म्हैस पाळणाऱ्याला चार पैसे मिळतात ते मिळावेत. फक्त हे डॉलर देशात येतात तेव्हा त्या मांसाला परकीय चलनाचा मान असतो, आणि तेच मांस मनमाडच्या हमालाच्या पिशवीत असलं की ती पिशवी उघडून पाहायला लोक जमतात. या दोन गोष्टी एका पानावर शेजारी छापल्या गेल्या पाहिजेत.

तिसरं कारण भीतीचं आहे आणि त्याची किंमत किलोमागे मोजावी लागते. जनावर कायदेशीर असलं, पावती असली, वाहतुकीची कागदपत्रं असली तरी रस्त्यात गाडी अडवली जाऊ शकते. जनावरं सोडवायला महिने जातात, गाडी ठाण्यात उभी राहते. आमच्याच जिल्ह्यात जून २०२३ मध्ये इगतपुरी परिसरात स्वयंघोषित गोरक्षकांनी वाहनं अडवण्याच्या दोन घटनांत दोन माणसांचा जीव गेला. ऑगस्ट २०२४ मध्ये धुळ्याहून मुंबईला जाणाऱ्या गाडीत जळगाव जिल्ह्यातल्या एका ७२ वर्षांच्या वृद्धाला इगतपुरीजवळ तरुणांनी मारहाण केली. तो कल्याणला मुलीकडे निघाला होता आणि त्याच्याजवळच्या बरण्यांत म्हशीचं मांस होतं. लासलगावहूनच जाणारा तो लोहमार्ग आहे, आमच्याकडची माणसं रोज त्या गाड्यांनी जातात. त्या घटनेनंतर आमच्या गटातल्या एका बाईनं मुंबईतल्या लेकीसाठी डबा न्यायचं बंद केलं. ही जोखीम वाहतूकदार भाड्यात धरतो, व्यापारी नफ्यात धरतो, आणि शेवटी ती पावशेर घेणारीच्या पदराला लागते.

२०२५ च्या जुलै-ऑगस्टात राज्यभरच्या कुरेशी समाजानं या छळाला कंटाळून जनावरांची खरेदीच थांबवली. कित्येक ठिकाणचे आठवडे बाजार ओस पडले. भाकड म्हैस आणि जर्सीचं नर वासरू दावणीला बांधून शेतकरी हवालदिल झाले. आमदार सदाभाऊ खोत यांच्यासारखा शेतकरी चळवळीतून आलेला नेता उघडपणे गोरक्षकांच्या विरोधात बोलला. तत्कालीन उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी कुरेशी प्रतिनिधींची भेट घेतली आणि वाहनं तपासायचा अधिकार पोलिसांचाच, खासगी माणसांचा नाही, अशा सूचना निघाल्या. तुम्ही हे राजकारणाच्या पानावर चालवलंत. अर्थाचं पान कोरं राहिलं. जनावर विकणाऱ्या शेतकऱ्याला भाव कमी मिळाला आणि त्याच वेळी मांस विकत घेणाऱ्याला ते महाग पडलं, तर मधला पैसा गेला कुठं? कांद्याबाबत हा प्रश्न तुम्ही व्यापाऱ्यांना, नाफेडला आणि मंत्र्यांना हमखास विचारता. इथं कुणालाही विचारला गेला नाही.

या कायद्याबद्दल माझं मत लपवत नाही. बैलांपुरती तरी २०१५ पूर्वीची व्यवस्था परत यावी असं मला वाटतं. शेतकरी आणि गरीब या दोघांनाही ती सोसवत होती. गाईवर ज्यांची श्रद्धा आहे त्यांच्याबद्दल मला आदर आहे, माझ्या स्वतःच्या माहेरी वसुबारस मनोभावे होते. पण तुम्ही माझ्या मताशी सहमत व्हावं अशी या पत्राची मागणी नाही. म्हशीचं मांस आजच्या कायद्यातही खाण्याजोगं अन्न आहे. अन्नाची बातमी अन्नासारखी द्या, एवढंच म्हणते आहे.

सध्या ती गुन्ह्याच्या बातमीसारखी येते. मोठ्याच्या मांसाचा उल्लेख मला तुमच्या पानांवर फक्त पोलीस ठाण्याच्या बातम्यांत सापडतो. त्यातही मांस पकडलं त्याच दिवशी मथळ्यात ‘गोमांस’ छापून मोकळे होता. नमुना प्रयोगशाळेत जायचा असतो, अहवाल यायला वेळ लागतो आणि तो कधी म्हशीचं मांस असल्याचाही येतो. पहिल्या दिवशीची बातमी चार रकान्यांत असते. अहवालाची बातमी शोधूनही सापडत नाही. ज्याच्या दुकानाचं किंवा गाडीचं नाव पहिल्या दिवशी गावभर झालं, त्याचा धंदा तोवर बसलेला असतो. गावातली एक-दोन दुकानं अशी बंद झाली की उरलेल्या दुकानाचा भाव चढतो. तुमचा घाईचा मथळा थेट आमच्या पावशेराच्या किमतीत उतरतो, हे तुमच्या ध्यानात यावं म्हणून लिहिते आहे.

शिवाय या बातम्यांतून वाचकाची अशी समजूत होते की हे मांस एकाच धर्माची माणसं खातात. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या २०११-१२ च्या आकडेवारीतून देशात सुमारे आठ कोटी लोक गाय-बैलाचं किंवा म्हशीचं मांस खातात असं दिसलं होतं, आणि त्यात सव्वा कोटींच्या आसपास हिंदू होते. मराठवाड्यातल्या महार-मांग घरांच्या स्वयंपाकावर शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ हे अख्खं पुस्तक लिहिलं. मांसाच्या वाळवलेल्या चान्या, रक्ताचे पदार्थ, आतड्यांचे पदार्थ हे सगळं तपशिलानं मराठीत छापलं गेलं, त्याचं इंग्रजी भाषांतरही झालं. तुमच्या रविवारच्या पुरवणीतल्या पाककृतींत मात्र मालवणी, कोल्हापुरी, सावजी आणि सीकेपी यांच्यापलीकडचं स्वयंपाकघर अजून यायचं आहे. मांसाहारी पाककृती छापताना त्यात निदान स्वस्त भागांची, थोड्या मांसात घर भागवायची एखादी कृती असावी. कांदा निवडणाऱ्या बायका अशा पंचवीस कृती सांगतील.

तुम्ही म्हणाल, लोकांना हे रुचणार नाही, वाचक दुखावतील. हा युक्तिवाद मला मनापासून तपासावासा वाटला, म्हणून जुने प्रसंग आठवून पाहिले. डिसेंबर २०१९ मध्ये कोल्हापुरात मटणाचा भाव भडकला, लोक रस्त्यावर आले, विक्रेत्यांनी दुकानं बंद ठेवली, प्रशासनाला मध्ये पडावं लागलं. ती बातमी तुम्ही पहिल्या पानावर कित्येक दिवस चालवलीत, किलोचा दर मथळ्यात घेऊन. कुणी दुखावलं नाही. आखाडात कोंबडीला किती मागणी आहे हेही दरवर्षी छापता. म्हणजे मांसाच्या भावाचं वावडं तुम्हाला नाही. ज्या घरांत मोठ्याचं शिजतं ती घरं तुमच्या वाचकांत तुम्ही मोजत नाही, असा निष्कर्ष मला काढावा लागतो. तो चुकीचा ठरला तर मला आनंदच होईल.

गेल्या काही काळात मांसावर तुम्ही लिहिलं नाही असं नाही. मे २०२५ च्या अखेरीस गोसेवा आयोगानं बकरी ईदच्या आठवड्यात जनावरांचे बाजार भरवू नयेत अशी सूचना बाजार समित्यांना पाठवली, विरोध झाल्यावर ती बदलली. त्याच वर्षी १५ ऑगस्टसाठी कल्याण-डोंबिवली, मालेगाव, नागपूर अशा महापालिकांनी मांसविक्री बंद ठेवायचे आदेश काढले. तेव्हा अग्रलेख झाले, खाण्याच्या स्वातंत्र्यावर चर्चा झाल्या, त्यातल्या काही चांगल्या होत्या. पण आठवडा बाजार बंद राहिला तर शेरडं घेऊन आलेल्या बाईचं काय होतं आणि त्या काळात मांसाचा भाव किती चढतो, हे त्या चर्चेत नव्हतं. स्वातंत्र्यावर बोलणारे बहुतेक लोक भाव न विचारता मटण घेणारे होते. जानेवारी २०२५ मध्ये राज्य सरकारनं शाळेच्या पोषण आहारातल्या अंड्यासाठीचा निधी थांबवला आणि लोकवर्गणीतून अंडी द्या असं शाळांना सांगितलं. आयुष्यभर शाळेत काढलेल्या मला त्याचं फार वाईट वाटलं. ज्या घरात मटण हप्त्याआड गेलं त्या घरातल्या मुलाला शाळेतलं ते अंडं हाताशी होतं. या दोन गोष्टी जोडून दाखवणारा एकही लेख मी तेव्हा वाचला नाही. दोन्ही बातम्या वेगवेगळ्या पानांवर येऊन गेल्या.

आता सरकारी आकड्यांबद्दल थोडं. ग्राहक किंमत निर्देशांकाच्या २०१२ च्या मालिकेत मांस-मासळीचा भार ३.६१ टक्के धरला होता. कांद्याचा होता ०.६४ टक्के. म्हणजे साऱ्या देशाच्या घरखर्चात मांस-मासळीचा वाटा कांद्याच्या पाचपटीहून अधिक होता. त्या मालिकेच्या टोपलीत बकऱ्याचं मटण, कोंबडी आणि गाय-म्हशीचं मांस यांची वेगळी नोंद घेतली जायची. आकडा सरकारकडे आहे, तो मागून घेऊन राज्यापुरता सोप्या मराठीत मांडणारा वार्ताहर हवा. कांद्यानं १९९८ मध्ये दिल्लीचं सरकार पाडलं म्हणून कांद्याला मान आहे, तो मला समजतो. पण सरकार पडणार असेल तरच भाव छापायचा, अशी तर तुमची रीत नाही.

अमेरिकेत २०२५ मध्ये गोमांसाचे भाव विक्रमी पातळीवर गेले. दुष्काळामुळे तिथली गुरं १९५१ नंतरच्या सर्वांत कमी संख्येवर आली आणि खिमा पौंडाला सहा डॉलरच्या वर गेला. तिथलं श्रमखातं दर महिन्याला या खिम्याचा सरासरी भाव प्रसिद्ध करतं, तो वर्तमानपत्रांत येतो, आणि त्यावरून कोणता भाग घ्यावा, कशाऐवजी काय शिजवावं हे घराघरांत ठरतं. राजकारण्यांना त्या भावाचं उत्तर द्यावं लागतं. आपल्याकडे खाणाऱ्याच्या हाती असा एकही छापील आकडा नाही. म्हणून दुकानदार सांगेल तो भाव. घासाघीस करायला आधार नाही. शेजारच्या गावात स्वस्त आहे का हे कळायला मार्ग नाही, आणि भाव खरंच किती वाढला हे कुणाला दाखवूनही देता येत नाही. बचत गटाच्या वहीत मी मटणाच्या उधारीसाठी घेतलेली कर्जं पाहिली आहेत, रक्कम लहान असते, कारणाच्या रकान्यात ‘घरखर्च’ लिहिलेलं असतं.

म्हणून माझ्या विनंत्या अशा. तुमच्या बाजारभावाच्या चौकटीत बकऱ्याचं मटण, कोंबडी आणि म्हशीचं मांस या तिन्हींचा किरकोळ भाव जिल्ह्यानुसार द्यावा. मांस पकडल्याच्या बातमीत प्रयोगशाळेचा अहवाल येईपर्यंत ‘संशयित मांस’ म्हणावं, आणि अहवाल आला की तो काहीही असो, तितक्याच जागेत छापावा. गुरांच्या आठवडे बाजारात शेतीच्या वार्ताहराला पाठवावं, आणि शेतकऱ्याला मिळालेला भाव व दुकानातला भाव शेजारी-शेजारी मांडावा. महागाईवर मालिका कराल तेव्हा ज्यांना मांस परवडत नाही अशा बायकांना प्रश्न विचारावेत, आणि त्यांची नावं-गावं छापून त्यांना अडचणीत आणू नये. आहारतज्ज्ञांचा सल्ला छापता तेव्हा तो रोजंदारीवर जगणाऱ्या घराला पेलेल असा मागावा.

हे सगळं एकदम होणार नाही याची मला कल्पना आहे. माणसं कमी आहेत, जागा कमी आहे, जाहिरातीचा दबाव आहे, कुणी येऊन कार्यालयाबाहेर घोषणा देईल ही धास्तीही असेल. तेव्हा सुरुवात एका ओळीनं करा. नाशिक आवृत्तीच्या बाजारभावात आठवड्यातून एकदा ‘म्हशीचे मांस, किलोचा किरकोळ भाव’ अशी ओळ द्या आणि तिच्यापुढं नाशिक, मालेगाव, मनमाड आणि लासलगाव इथले चार आकडे छापा. हे पत्र तुम्ही छापलं नाहीत तरी चालेल. ती ओळ मात्र छापा.

आपली नित्य वाचक,
एक निवृत्त शिक्षिका
लासलगाव, ता. निफाड, जि. नाशिक